पुनर्विकासाच्या सह्यांआधीचे काम

ठाण्याच्या नौपाड्यातील एका जुन्या, चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेच्या नव्या सचिवांनी विचारले आहे की, पुनर्विकासाचा विषय तीनदा सभेत आला, तिन्ही वेळा कमिटीने एका बिल्डरचे देकारपत्र वाचून दाखवले आणि तिन्ही सभा भांडणात संपल्या. निम्मे सभासद सभेला फिरकत नाहीत, आलेल्यांपैकी काहींना कमिटी बिल्डरला फितूर झाल्याचा संशय आहे आणि व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये रोज एकमेकांची उणीदुणी निघतात. अशा स्थितीत सभासदांचा विश्वास कसा मिळवावा, त्यांना नावापुरते नव्हे तर खरोखर सहभागी कसे करून घ्यावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. पुढच्या महिन्यात सभा बोलावू नका. तयार प्रस्ताव पुढे ठेवून फक्त हो की नाही एवढेच विचारणारी सभा चौथ्यांदाही तशीच संपेल. आपण ज्याला सभासदांची उदासीनता म्हणता, ती बहुतेक वेळा उदासीनता नसते. आपल्या येण्या-न येण्याने काहीही बदलत नाही, हे लोकांनी अनुभवाने ओळखलेले असते. ठाणे आणि नवी मुंबईतील संस्थांच्या पुनर्विकासात सल्लागार म्हणून अनेक वर्षे वावरल्यावर माझे मत असे झाले आहे की, विश्वास मागून मिळत नाही आणि भाषणाने तर मुळीच मिळत नाही. एखाद्या सभासदाने काही विचारले, त्याची नोंद झाली आणि त्यामुळे कागदावरचा एखादा आकडा किंवा एखादी अट खरोखर बदलली, हे चारचौघांना दिसले की मगच तो जमू लागतो. पुढचे सारे विवेचन या एकाच गोष्टीसाठी आहे.

सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी ३ जानेवारी २००९ चे निर्देश लागू होते. नव्या सूचनांप्रमाणे अशा सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते आणि निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. सभेचे चित्रीकरण करायचे असते आणि विकासकाची, म्हणजे बिल्डरची, निवड ज्या सभेत होते तिला सहकार खात्याच्या निबंधकांचा प्रतिनिधी हजर असावा लागतो. कमिट्या यातला ५१ चा आकडा तेवढा पाठ करतात आणि संमतीपत्रांवर सह्या घ्यायला दारोदार फिरतात. त्याच सूचनांमधला क्रम मात्र सहसा कोणी मन लावून वाचत नाही. आधी पुनर्विकास करायचा की नाही याचा निर्णय, मग वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक, मग प्रकल्प जमेल आणि परवडेल का हे सांगणारा व्यवहार्यता अहवाल, त्यावर सभासदांच्या सूचना, मग निविदा, आणि विकासक सर्वांत शेवटी. आपल्या तिन्ही सभांत विकासक पहिल्याच पायरीवर येऊन बसला होता. जिथे निवड होऊन गेल्यासारखी दिसते तिथे सभासदाच्या हाती संशय घेण्यापलीकडे काही उरत नाही, आणि म्हणून त्या संशयाला मी स्वभावदोष मानत नाही.

तेव्हा देकारपत्र बाजूला ठेवा आणि कागदांपासून सुरुवात करा. जमिनीचे मालमत्ता पत्रक, अभिहस्तांतरणाचा (जमीन संस्थेच्या नावे झाल्याचा) दस्त, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, संरचनात्मक तपासणीचा अहवाल, लेखापरीक्षण अहवाल आणि सभासदांची अद्ययावत नोंदवही, असा एक संच करून त्याच्या प्रती संस्थेच्या कार्यालयात आणि कमिटीत नसलेल्या एका सभासदाच्या घरी ठेवा. अनेक जुन्या संस्थांत अभिहस्तांतरण झालेलेच नसते, म्हणजे इमारत सभासदांची पण जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाची किंवा त्याच्या वारसांची असते, आणि मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मालकाच्या सहीवाचून शासनाकडून जमीन संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करावा लागतो. ही अडचण बिल्डरच्या वकिलाकडून कळण्याऐवजी कमिटीनेच सभासदांना आधी सांगितली, तर वाईट बातमी दडवली जात नाही एवढे तरी लोकांना पटते. चांगली बातमी सगळेच सांगतात.

यानंतरचे काम मोजणीचे, आणि माझ्या मते दहा सभांनी होत नाही ते या एका कामाने होते. बिल्डरचा देकार कार्पेट क्षेत्रावर (भिंतींच्या आतील जागेवर) असतो, जुन्या करारनाम्यांत मात्र बिल्ट-अप क्षेत्र (भिंती धरून) लिहिलेले असते, आणि मधल्या काळात कोणी गॅलरी बंद करून घेतलेली असते, कोणी स्वयंपाकघराची भिंत सरकवलेली असते. आपल्याला नेमके किती मिळणार हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात असतो आणि शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त मिळेल ही धाकधूक त्याहून मोठी असते. पाचपाखाडीतील एका संस्थेत आम्ही वास्तुविशारदाला रविवारी सकाळी बोलावले. त्याच्याकडे लेझरचे उपकरण होते, पण भिंतीवरच्या लाल ठिपक्यावर ज्येष्ठांचा विश्वास बसेना, म्हणून साधी टेपही आणली. टेपचे एक टोक घरमालकाने धरायचे, दुसरे शेजारच्या घरातील कोणीतरी, आकडा मोठ्याने वाचायचा आणि दोघांनीही कागदावर सही करायची, असे ठरवले. पहिल्या मजल्यावर एका गृहस्थांनी बंद केलेली गॅलरी खोलीत धरावी असा आग्रह धरला. टेपचे दुसरे टोक धरलेल्या शेजाऱ्याने मंजूर नकाशाची प्रत काढून शांतपणे दाखवली. वाद तिथेच मिटला, कारण मोजणारी कमिटी नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्या सदनिकांचा तक्ता सूचनाफलकावर लागला. कागदोपत्री सारख्या असलेल्या दोन सदनिका प्रत्यक्षात सारख्या नव्हत्या, हेही त्यात उघड झाले, आणि ते पुढे निविदेच्या अटींत आले.

सही न देणाऱ्यांविषयी जरा सविस्तर लिहितो. प्रत्येक संस्थेत दोन-तीन नावे अशी असतात की त्यांचा उल्लेख निघाला की बाकीचे हसतात किंवा वैतागतात. एका संस्थेत अशाच एक वयस्क विधवा बाई होत्या. त्या कशावरही सही करत नाहीत, अडून बसतात, असे मला आधीच सांगण्यात आले होते. त्यांच्या घरी जाऊन बसल्यावर, चहा झाल्यावर, बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "सही केली की माझं नाव जाईल ना यातून?" घर दिवंगत पतींच्या नावावरच राहिले होते, नामनिर्देशन थोरल्या मुलाचे होते आणि नव्या इमारतीचा करार मुलाच्या नावे होऊन आपण उघड्यावर पडू, ही भीती त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, वारस ठरेपर्यंत ती तात्पुरती सभासद असते, आणि सहकार कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ही तरतूद स्पष्ट केली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते. मुलांशी बोलणे झाले, वारसांचे कागद झाले, सदनिका त्यांच्या नावावर आली. पुढच्याच सभेत त्यांनी विचारले की, बांधकामाच्या काळात विकासक देणार त्या भाड्याच्या रकमेत दलाली आणि दोन वेळा सामान हलवण्याचा खर्च धरला आहे का. हा मुद्दा कमिटीच्या यादीत नव्हता.

त्यामुळे माझा आग्रह असा की, संमतीपत्रे छापण्याआधी प्रत्येक सदनिकेच्या सभासदत्वाची स्थिती तपासा. मूळ सभासद हयात आहे का, वारसनोंद झाली आहे का, सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर दोघांनाही सूचना जाते का, कर्ज असेल तर बँकेचे काय, हे पाहा. संयुक्त नावे असलेल्या घरांत सभेला बहुधा पुरुषच येतात, आणि नव्या घराच्या स्वयंपाकघराविषयी, कपडे वाळत घालायच्या जागेविषयी, वृद्ध सासूबाई तात्पुरत्या घरी कोणत्या मजल्यावर राहतील याविषयी सर्वांत जास्त विचार केलेली व्यक्ती घरीच राहते. सभा रात्री नऊला ठेवली तर ती येणार नाही, हे वेगळे सांगायला नको. जिन्यानुसार किंवा मजल्यानुसार सात-आठ घरांच्या लहान बैठका दुपारी, कोणाच्या तरी घरी, घ्या. मोठ्या सभेत बोलायला जे कचरतात ते तिथे बोलतात. पुण्याला किंवा परदेशात राहणारे सभासद आणि तळमजल्यावरचे दुकानदार यांच्याशी मात्र स्वतंत्रपणे बोलावे लागते, कारण त्यांचे हित इतरांपेक्षा वेगळे असते. दुकानदाराला घरभाडे नको असते, त्याला बांधकामाच्या काळात गिऱ्हाईक टिकवायचे असते.

या सगळ्या बैठकांतून जे निघेल ते एका वहीत उतरवा. मी तिला शंकांची वही म्हणतो. शंका कोणाची, कोणत्या तारखेला आली, उत्तर काय दिले, ते उत्तर कोणत्या कागदावर आधारलेले आहे आणि त्यामुळे काय बदलले, एवढे पाच रकाने पुरतात. शेवटचा रकाना महत्त्वाचा, आणि तो बराच काळ रिकामा राहिला तर आपण फक्त ऐकून घेण्याचे नाटक करत आहोत असे समजावे. ही वही विरोधकांपैकी कोणाकडे तरी लिहायला द्या. सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला कमिटीने शत्रू मानले की तो ग्रुपमध्ये लिहित बसतो. त्यालाच दोन वास्तुविशारदांचे दर मागवायचे आणि त्यांनी बांधलेल्या इमारतींतील रहिवाशांशी बोलून यायचे काम दिले की तो कामाला लागतो, आणि त्याने आणलेल्या माहितीवर कमिटीच्या माहितीपेक्षा लोकांचा अधिक भरवसा बसतो. वहीतल्या बहुतेक शंका पुढे विकसन करारातील कलमे होतात. भाडे मध्येच बंद झाले तर काय, विकासकाने प्रकल्प दुसऱ्याला दिला तर काय, कोणाला कोणत्या मजल्यावर घर, चिठ्ठ्या टाकून की सध्याच्या क्रमाने, पार्किंग कोणाला, नव्या इमारतीचा मासिक देखभाल खर्च निवृत्तांना परवडेल का. शेवटचा प्रश्न बिल्डरच्या सादरीकरणात कधीच नसतो, आणि लिफ्ट, पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक यांचा हिशेब ऐकल्यावर काही ज्येष्ठ सभासद कॉर्पसच्या, म्हणजे विकासक सभासदांना देतो त्या एकरकमी निधीच्या, रकमेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

पैशाचा प्रश्न इथेच येतो. व्यवहार्यता अहवाल फुकट करून देणारे वास्तुविशारद पुष्कळ भेटतात. तो अहवाल फुकट का, हे सभासदांना कळते आणि कमिटीला कळत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. सल्लागाराचे शुल्क संस्थेच्या निधीतून द्या, निधी कमी असेल तर प्रत्येक सदनिकेकडून थोडी रक्कम घ्या. त्याला विरोध होईल, पण स्वतःचे पैसे घातलेला सभासद अहवाल वाचतो आणि त्यावर प्रश्न विचारतो. तसेच विकासकाशी बोलायचे ते कमिटीबाहेरचे दोन सभासद सोबत घेऊन, संस्थेच्या कार्यालयात, आणि त्याच दिवशी बैठकीची नोंद फलकावर लावून. पदाधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक विकासक असू नयेत, हे शासनाच्या सूचनांतच आहे. माझे म्हणणे त्यापुढे जाऊन असे की, कमिटीतील प्रत्येकाने कोणत्याही विकासकाशी, दलालाशी किंवा कंत्राटदाराशी आपला आर्थिक संबंध नाही, किंवा असल्यास कोणता, हे लिहून द्यावे.

क्षेत्राच्या आश्वासनांबाबत एक सावधगिरी. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत किती चटईक्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधकाम) वापरता येईल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीतील गल्ल्या अरुंद आहेत. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संस्थेला मिळालेली वाढीव क्षेत्राची टक्केवारी ऐकून आपल्या सभासदांनी अपेक्षा बांधली असेल, तर व्यवहार्यता अहवाल हाती आल्यावर सल्लागारानेच सर्वांसमोर ती समजावून खाली आणावी. नंतर विकासकाने खाली आणली तर दोष कमिटीच्या माथी येतो. नवी मुंबईत यात आणखी एक पदर असतो, कारण तिथे बहुतेक जमीन सिडकोची, म्हणजे ते शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, भाडेपट्ट्यावर दिलेली, आणि सिडकोच्या परवानगीवाचून गाडी पुढे सरकत नाही. वाशीतील सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींच्या रहिवाशांनी किती वर्षे वाट पाहिली हे सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी कमिटीने तारखा देऊ नयेत. अर्ज कोणत्या टेबलावर आहे एवढेच दर पंधरा दिवसांनी सांगावे.

इमारतीच्या धोक्याविषयी बोलताना फार जपावे लागते. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती टाळण्यात शहाणपण नाही; २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातच, बी-केबिनजवळ, इमारत कोसळून माणसे दगावली, ती आठवण आपल्या भागात ताजी आहे. त्यामुळेच भीती हे सह्या मिळवण्याचे सोपे साधन बनते. अहवालात इमारत सी-२बी वर्गात, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी, असताना ती आता पडणार असे सांगत फिरलेल्या कमिट्या मी पाहिल्या आहेत, आणि सभासदांना खरा अहवाल कळल्यावर त्या कमिट्यांचे पुढे कोणीच ऐकले नाही. उलट इमारत खरोखर सी-१, म्हणजे अतिधोकादायक आणि तातडीने रिकामी करण्याची, असेल तर एवढ्या चर्चेला वेळ नसतो. तिथे आधी माणसे बाहेर काढायची आणि बाकीचे बोलणे नंतर. अभियंत्याला सभासदांसमोर बोलवा, तडा गेलेला खांब प्रत्यक्ष दाखवू द्या, दुरुस्तीचा अंदाजे खर्च आणि दुरुस्तीनंतर मिळणारे आयुष्य हेही सांगू द्या. दुरुस्तीचा पर्याय प्रामाणिकपणे मांडला गेला आणि मग सभासदांनी पुनर्विकास निवडला, तर तो निर्णय टिकतो.

व्हॉट्सॲपबाबत एवढेच: ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा, चर्चा बंद करा आणि तिथल्या अंगठ्याला संमती समजू नका.

शेवटी काही सभासद राहतीलच. सर्वसाधारण सभेने रीतसर बहुमताने घेतलेला निर्णय अल्पमतातील सभासदांवर बंधनकारक असतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे, त्यामुळे एक-दोघांच्या नकाराने प्रकल्प कायमचा अडून राहत नाही. हे माहीत असावे, पण ते पहिल्या बैठकीत धमकीसारखे वापरू नये. ज्याला न्यायालयाची भीती घालून गप्प केले, तो पुढे घर रिकामे करण्याच्या दिवशी बोलतो, आणि त्या दिवशी भाड्याचे मीटर चालू झालेले असते. माझ्या अंदाजाने आपल्यासारख्या संस्थेला मोजणी, सभासदत्वाची तपासणी, लहान बैठका आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल या साऱ्याला सहा महिने सहज लागतील. त्यानंतर पहिली विशेष सभा घ्या आणि तिच्यापुढे एकच विषय ठेवा: पुनर्विकास करायचा का, आणि करायचा असल्यास सल्लागार कोण. विकासकांची नावे त्या दिवशी सभागृहात निघूच देऊ नका. विकासक निवडण्याची वेळ येईल तेव्हा सगळ्या देकारांचा तुलनात्मक तक्ता सभेच्या सूचनेसोबतच घरोघरी गेलेला असावा.

विकासक निवडला की कमिट्या सैल होतात आणि खरी कसोटी तर तेव्हाच लागते, कारण सभासद ठाणे, कळवा, डोंबिवली असे पांगलेले असतात आणि जिन्यात उभे राहून विचारपूस करण्याची सोय राहत नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक पानी पत्र जाऊ द्या: काम कोणत्या मजल्यापर्यंत आले, भाड्याचे धनादेश वटले की नाहीत, विकासकाने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्क्यांची जी बँक हमी द्यायची असते तिची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झाले का. सांगण्यासारखे काही नसेल त्या महिन्यातही पत्र जावे, त्यात काम थांबल्याचे कारण लिहावे. बांधकाम चालू असतानाच कमिटीची पाच वर्षांची मुदत संपून निवडणूक लागू शकते. तेव्हा करार, मंजूर नकाशे, हमीपत्र आणि शंकांची वही नव्या कमिटीला सर्वसाधारण सभेत, यादी वाचून आणि सहीनिशी सुपूर्द करावी, आणि वहीत ज्यांची उत्तरे बाकी आहेत त्या शंका नव्या कमिटीच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात.